सामने बंद, सराव चालू



तिवस्यापासून फार लांब नाही असे तळेगाव दशासर हे गाव तुम्हाला शंकरपटामुळे ठाऊक असेल. पट म्हटला की आपल्या वऱ्हाडातला माणूस कामधंदा बाजूला ठेवतो. जोडी सुटली की श्वास रोखायचा, आणि घड्याळाचा आकडा कानावर आला की फेटे उडवायचे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना बंदी केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारे कायदे मान्य केले. म्हणजे मधली साडेसात वर्षे पट बंद होता. त्या साडेसात वर्षांत पटाच्या बैलाचे काय करायचे? विकायचा? की ढेप चारून तसाच पोसायचा? "पट बंद अन् तू बैलाले ढेप चारून ऱ्हायला काय रे?" असे शेजारी विचारणारच. पण ज्याला नाद आहे त्याच्या गोठ्यात तुम्ही डोकावला असता, तर एक गोष्ट ध्यानात आली असती. पटाच्या गर्दीत जी जोडी डोळ्यांपुढून काही सेकंदांत निघून जाते, ती इथे शांतपणे, हाताच्या अंतरावरून पाहता येते. खुराची ठेवण, मानेचा बाक, सगळे.

सामने बंद आणि तयारी चालू, असा प्रसंग खेळांच्या इतिहासात पुष्कळदा आला आहे. सामने कोणी बंद केले आणि कशासाठी, हे मात्र दर वेळी निराळे असते. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे. ती मुख्यतः मुंबईच्या क्रिकेटची आहे. पण तिच्यात नागपूरचा एक गडी आहे आणि आपल्या शेजारचे वर्धेही आहे. तेव्हा परकी वाटण्याचे कारण नाही.

त्याआधी जरा दूरदेशी जाऊन येऊ. अमेरिका आणि कॅनडा या मुलखांत बर्फावर हॉकी खेळतात. पायांत पात्याचे बूट, हातांत काठी, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमधले संघ धनिकांच्या मालकीचे असतात आणि खेळाडू करारावर पगार घेतात. पगारावर मर्यादा असावी की नसावी यावरून मालक आणि खेळाडू यांचे फाटले, आणि २००४ साली मालकांनी चक्क टाळेबंदी केली. टाळेबंदी म्हणजे काय ते अकोल्याच्या, बडनेऱ्याच्या, अचलपूरच्या गिरण्या पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको. (२०२० सालापासून तो शब्द निराळ्या अर्थाने घरोघर पोचला, पण मूळचा तो कारखान्याचा.) २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला. स्टॅन्ले कप नावाचा त्यांचा मानाचा करंडक १९१९ मध्ये फ्ल्यूच्या साथीमुळे कोणालाच मिळाला नव्हता. त्यानंतर प्रथमच तो या वेळी कोणाला दिला गेला नाही. २०१२ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच झाले, आणि त्या वेळी जवळजवळ अर्धा हंगाम गेला.

मालकांनी कुलूप लावले म्हणजे संघाचे मैदान, तिथली साधने, शिक्षक, सगळे बंद. मग खेळाडू काय करीत? आपापसांत वर्गणी काढून गावातले एखादे बर्फाचे मैदान तासावर भाड्याने घेत आणि आपले आपण सराव करीत. शिट्टी नाही, पंच नाही, गुणफलक नाही. आणि मौज अशी की, एरवी मोठे तिकीट काढून दूरच्या रांगेत बसणारा शौकीन आता फळीला टेकून उभा राही. त्याच्या लाडक्या खेळाडूच्या पात्याखालून उडणारा बर्फाचा भुगा त्याला दिसे, आणि खेळाडू एकमेकांना काय म्हणतात तेही ऐकू येई.

आता मुंबईला येऊ. मुंबईत १८९२ पासून गोरे विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना होत असे. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ त्यात आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा आला. चार संघ झाले म्हणून चौरंगी सामने; पुढे १९३७ मध्ये उरलेल्या सर्वांचा 'रेस्ट' नावाचा पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. हिंदुस्थानात त्या काळी याहून मोठा खेळाचा सोहळा नव्हता. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर सामने होत. गंमत पहा, त्या जिमखान्यात गड्यांना आणि बटलरांना प्रवेश होता, पण हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. बाहेर प्रत्येक जमातीचे वेगळे तंबू पडत. ज्याला तिकीट परवडत नसे तो कडेच्या झाडावर चढे.

ज्याला झाडही मिळत नसे त्याला सराव पाहता येई. चर्नी रोडपासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्राच्या कडेने हिंदू, इस्लाम आणि पारशी असे तीन जिमखाने आजही जवळजवळ आहेत. आणि जुने एस्प्लनेड, म्हणजे आताचे आझाद मैदान, तर सर्वांचेच. तिथे वीसच्या वर खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. जाळी बांधायची, तिच्यात फलंदाजाने उभे राहायचे आणि चार-पाच गोलंदाजांनी पाळीपाळीने चेंडू टाकायचे, ही क्रिकेटची तालीम. जाळीमागे कोणीही उभे राहावे, पैसा लागत नाही. सामन्यात फलंदाज चुकला की तंबूत जातो. जाळीत चुकला तर पुन्हा उभा राहतो आणि तोच चेंडू मागून घेतो. पाहणाऱ्याला सामन्यात धावा दिसतात. इथे हात कसा वळतो, पाऊल कुठे पडते, ते दिसते. कुस्तीच्या शौकिनाला हे लगेच पटेल. फडात कुस्ती दोन मिनिटांत निकाली होते, पण गडी ओळखायचा असेल तर पहाटे आखाड्यात जाऊन बसावे लागते.

या जाळीचीच एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पळवणकर बाळू हे नाव शाळेच्या पुस्तकात फारसे येत नाही, म्हणून गुरुजनांना विशेष विनंती की ते मुलांना सांगावे. जन्म १८७६, चांभार समाजात. पुण्याला पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रूळ फिरवायचा, ही पहिली नोकरी. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथेही काम तेच: जाळी बांधणे, मैदान राखणे. सवड मिळाली की साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावऱ्या हाताने ते असे वळत की ग्रेग नावाचा नामांकित गोरा फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्यांचे चेंडू खेळू लागला. ग्रेग बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका बळीचे आठ आणे, हिशेब तुम्हीच करा. पण बाळूंच्या हातात बॅट मात्र त्या क्लबात एकदाही कोणी दिली नाही.

म्हणजे या माणसाला सामनाच बंद होता. तो मालकांनी बंद केला नव्हता, चळवळीनेही नव्हे, जातीने बंद केला होता. त्याच्यासाठी सराव हीच काय ती उघडी जागा. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि जाळीत ज्यांनी बाळूंना पाहिले होते त्यांना त्यांच्यावाचून ते जमणार नाही हे कळत होते. शेवटी त्यांना संघात घेतले. पण चहाच्या वेळी इतर आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हातातून जाई, त्याला विटाळ नव्हता! पुढे ते मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. चौरंगीत हिंदूंचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीत लिहिले आहे. कुठल्या ग्रंथालयात सापडले तर जरूर वाचा.

आता १९३० सालाकडे या. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. आपल्याकडे समुद्र नाही, पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करून वऱ्हाडाने कायदा मोडला. जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला जंगलातले गवत कापून घेतले. मुंबईत तर मैदानच रणांगण झाले. ज्या एस्प्लनेडवर बॅटी चालत, तिथे काँग्रेसच्या सभा भरू लागल्या आणि पोलिसांच्या लाठ्या चालू लागल्या. अशा वेळी गोऱ्यांच्या जिमखान्यात जाऊन त्यांच्याशी खेळायचे आणि तंबूत बसून टाळ्या वाजवायच्या, हे कोणाला रुचावे? चौरंगी बंद पडली. १९३०, ३१, ३२, ३३, अशी चार वर्षे ती झाली नाही. इंग्लंडच्या एम. सी. सी. संघाचा १९३०-३१ चा दौराही रद्द झाला.

इथे बर्फावरच्या हॉकीचा आणि मुंबईचा फरक लक्षात घ्या. तिथे मालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवले. इथे लोकांनीच आपल्या आवडीच्या गोष्टीला कुलूप लावले. चार वर्षे म्हणजे खेळाडूच्या आयुष्यात थोडी नव्हेत. पंचविशीतला गडी तिशीला टेकतो.

मात्र सगळीकडेच शुकशुकाट होता असे समजू नका. विजयानगरमच्या महाराजकुमारांना क्रिकेटचा आणि मोठेपणाचा सारखाच शौक. एम. सी. सी. येत नाही म्हटल्यावर त्यांनी पदरचा पैसा खर्चून जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध जोडीला बोलावून घेतले आणि आपला संघ घेऊन हिंदुस्थान, सिलोनभर सामने केले. हॉब्जचे वय तेव्हा ४८ च्या घरात होते. मुंबईच्या जनतेचा सामना बंद आणि राजाचा चालू, असा तो काळ.

मग आला १९३२ चा पेच. हिंदुस्थानचा संघ प्रथमच इंग्लंडशी कसोटी सामना खेळणार होता. त्यासाठी निवड-सामने ठरले. आणि ४ जानेवारी १९३२ रोजी गांधीजींना पकडले. पुढारी तुरुंगात असताना इंग्लंडला जाऊन तिथल्या लोकांशी खेळायचे का? मुंबईच्या तीन हिंदू खेळाडूंनी नाही म्हटले: एल. पी. जय, विजय मर्चंट आणि चंपक मेहता. त्यांनी काय सोडले ते पहा. मर्चंट वीस वर्षांचे होते, त्यांना पुढे संधी मिळाली. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी शतक केले. जय यांना १९३३ च्या डिसेंबरात मुंबईला एक कसोटी मिळाली, तेवढीच. चंपक मेहतांना एकही मिळाली नाही. तुरुंगात गेलेल्यांची नावे आपण दगडावर कोरतो, ते योग्यच आहे. पण ज्या माणसाने ज्यासाठी उमर घालवली तेच न बोलता सोडले, त्याच्या नावाची कुठे तरी नोंद असावी असे मला वाटते.

आणि जे गेले त्यांना दोष द्यावा काय? मी तरी देणार नाही. त्या संघाचे मैदानावरचे पुढारी झाले कर्नल सी. के. नायडू. हा आपल्या विदर्भाचा माणूस. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५; शिक्षण नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात. १९१६ मध्ये हिंदूंकडून पहिलाच मोठा सामना खेळताना त्यांनी तीन चेंडू अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला, ही गोष्ट जुने लोक अजून सांगतात. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईला एम. सी. सी. विरुद्ध १५३ धावा केल्या, त्यांत ११ षटकार होते. १९२३ पासून ते इंदूरला होळकर महाराजांच्या पदरी होते. त्या काळी क्रिकेटवर पोट भरण्याचा मार्ग म्हणजे एखाद्या संस्थानिकाच्या फौजेत वा कचेरीत नोकरी. तिथे खेळायचे की नाही, हे एकट्या खेळाडूने ठरवायचे नसते. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली. आपला संघ १५८ धावांनी हरला. पण महंमद निसारने पहिल्या डावात पाच बळी घेतले आणि नायडूंनी हाताला मार लागलेला असताना ४० धावा काढल्या.

१९३४ ला चौरंगी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी बॉबी तल्यारखान यांनी मुंबईच्या मैदानावरून पारशी-मुसलमान सामन्याचे वर्णन आकाशवाणीच्या पूर्वीच्या नभोवाणीवरून केले. झाडावर चढायचीही गरज उरली नाही. पुढे वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांत चावडीवरच्या रेडिओभोवती जी गर्दी जमली तिचा उगम तिथला.

पण वाद मिटला नव्हता, रूप बदलून पुन्हा आला. १९४० च्या ऑक्टोबरात पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पुढारी पुन्हा तुरुंगात जाऊ लागले. शिवाय आता निराळाच प्रश्न होता: हिंदू एका बाजूला, मुसलमान दुसऱ्या बाजूला, पारशी तिसऱ्या, असे संघ देशाला मानवणार का? मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ने या सामन्यांविरुद्ध लेखणी चालवली. डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी आगगाडीने वर्ध्याला आली, गांधीजींना विचारायला. तिवस्याहून वर्धा नदी ओलांडली की लागणारा हा मुलूख. मुंबईच्या जिमखान्याचा निवाडा आपल्या शेजारी झाला म्हणायचा. गांधीजी क्रिकेटचे शौकीन नव्हते, तसे त्यांनी लपवलेही नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की कॉलेजा-कॉलेजांतले, संस्थांतले सामने समजू शकतात, पण धर्मावर संघ पाडण्याचे कारण त्यांना कधी कळले नाही. खेळाचे मैदान तरी त्यापासून मोकळे असावे.

जिमखान्यात कडाक्याची चर्चा होऊन त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. सामने हिंदूंवाचून झाले आणि मुसलमानांचा संघ जिंकला. पुढल्या वर्षी हिंदू परत आले. काही संस्थानिकांनी मात्र आपल्या पदरच्या खेळाडूंना या सामन्यांत जाऊ दिले नाही. आता खरे बोलायचे तर यात सगळीच देशभक्ती नव्हती. १९३४ ला सुरू झालेल्या रणजी करंडकाला गर्दी कमी आणि पंचरंगीला तोबा, हे क्रिकेट मंडळातल्या बड्यांना खुपत होते. ज्या खेळाडूचा पगार दरबारातून येई, त्याच्यापुढे निवड कसली! ही मात्र त्या बर्फावरच्या टाळेबंदीसारखीच झाली.

१९४२ ला 'चले जाव'च्या वर्षी पंचरंगी झालीच नाही. त्यानंतर १९४३ च्या हंगामात मर्चंट हिंदूंकडून नाबाद २५०, आणि उत्तरादाखल रेस्टच्या ३८७ धावांत विजय हजारे या सांगलीच्या मराठी ख्रिस्ती खेळाडूच्या एकट्याच्या ३०९. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा होता. दोघांनी मिळून ३०० धावा जोडल्या, त्यांत विवेकच्या २१. रेस्टचा संघ डावाने हरला, पण त्या खेळीची आठवण जिंकणाऱ्यांपेक्षा जास्त टिकली. १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने कायमचे मिटले. प्रदेशांचे संघ घेऊन खेळणारा रणजी करंडक उरला. त्यात आपला विदर्भ २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा विजयी झाला.

आणि नायडू? चौरंगी बंद झाली, चालू झाली, पंचरंगी झाली, मिटली. राजे गेले, संस्थाने विलीन झाली. त्यांचा सराव चालूच. १९५६-५७ च्या हंगामात, एकसष्टी ओलांडल्यावर, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी करंडकात खेळायला उतरले आणि त्यांनी अर्धशतक काढले.